साडेसातशेच्या अलीकडे

२०२५च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी सगळीकडे गाजली. मुलगा-मुलगी पसंत, दोन्ही घरं राजी, बैठक बसलेली, आणि तेवढ्यात मुलीच्या मामाने मुलाचा सिबिल स्कोअर बघायला मागितला. स्कोअर निघाला तळाला आणि मुलाच्या नावावर निघाली ठिकठिकाणची कर्जं. सोयरीक तिथल्या तिथे फिसकटली.

ही बातमी आमच्याकडे मेहुण्याच्या बायकोने मोठ्याने वाचून दाखवली. मेहुण्याच्या देखत, आणि जरा जास्तच स्पष्ट उच्चारांत. पेपरची घडी घालत ती म्हणाली, “माझ्या मामाने नुसती पत्रिका बघितली होती.”

पत्रिकेत त्यांचे बत्तीस गुण जुळले होते, ही गोष्ट खरी आहे. पण पत्रिकेतले गुण छत्तीसपैकी असतात, सिबिलचे नऊशेपैकी. शिवाय इथे मोजायला सुरुवात तीनशेपासून होते; म्हणजे पेपरावर नाव लिहिल्याचेच तीनशे. त्याच्याखाली जायला जागाच नाही, हा त्यातला दिलासा, आणि मेहुण्याने तो पुरेपूर घेतलेला होता. त्याचा आकडा पाचशे चाळीसच्या आसपास घुटमळत होता. बँकवाले ज्याला बरा म्हणतात तो आकडा साडेसातशेचा.

तो भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेले पार्ट दिवसभर गेजमध्ये घालून बघायचे आणि मायक्रॉनभर इकडेतिकडे असले तर लाल ट्रेमध्ये टाकायचे, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी येऊन मोबाईल उघडला की लाल ट्रेमध्ये तो स्वतः.

प्रकरण जुनं आहे. पहिली नोकरी लागली तेव्हा कंपनीच्या गेटसमोर एका बँकेचा पोरगा छत्री लावून बसला होता. सही केली तर ट्रॅव्हल बॅग फुकट. याने बॅगेसाठी सही केली आणि बॅगेमागून कार्ड आलं. बॅगेची चेन पहिल्याच दिवाळीत तुटली, कार्ड टिकलं. महिनाअखेरीला बिल आलं, त्यात दोन आकडे: एक एकूण देय, दुसरा किमान देय. दुसरा पहिल्याच्या साधारण पाच टक्के. इतक्या अदबीने त्याच्याकडे आजवर कुणी पैसे मागितले नव्हते. तो इमानाने किमान भरत राहिला आणि बँक इमानाने कमाल व्याज लावत राहिली. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, वर्षाचे बेचाळीस होतात. मग कंपनीत ले-ऑफ आला, किमानही भरणं थांबलं आणि फोन सुरू झाले.

आधी दम देणारे झाले, मग कायद्याची भाषा करणारे झाले, आणि शेवटी एका गोड आवाजाच्या बाई आल्या. “सर, बासष्ट हजारांचे पंचवीस भरा, विषय क्लोज.” आता मेहुणा लहानाचा मोठा झाला तुळशीबागेमागे. तो वीसवर आला. बाई बावीसवर आल्या. बावीस हजारांत सौदा तुटला. चाळीस हजार वाचवले म्हणून येताना तो पेढे घेऊन आला, सासूबाईंनी ते आधी देवापुढे ठेवले, आणि त्याच सुमारास बँकेच्या संगणकाने त्याच्या नावापुढे ‘सेटल्ड’ अशी नोंद करून टाकली.

कर्ज पूर्ण फेडलं तर ‘क्लोज्ड’. बँकेने वसुलीची आशा सोडून दिली तर ‘रिटन ऑफ’. आणि ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने मिळालं तेवढं घेतलं, पण मनात धरलं. घासाघीस करून पैसे वाचवणाऱ्याला आपल्याकडे व्यवहारी म्हणतात. या वहीत त्याला बुडव्याच्या खालोखाल जागा आहे.

तो रिपोर्ट मी पाहिलाय. अशी कुंडली ठेवणाऱ्या आपल्या देशात चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सिबिल २००० सालची, चौघींत थोरली, म्हणून सगळा कारभार तिच्याच नावावर खपतो. मेहुण्याला चार ठिकाणी चार निरनिराळे आकडे आहेत. जिथला जास्त असेल तिथला तो सांगतो.

रिपोर्टात आधी पत्ते. आपण कुठे कुठे राहिलो ते माणूस विसरतो, पण आकुर्डीची कॉट बेसिसची खोली तिथे शुद्धलेखनाच्या चुकीसकट हजर होती. मग प्रत्येक कर्जाखाली मागच्या छत्तीस महिन्यांचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात तीन आकडे, हप्ता किती दिवस लांबला त्याचे. ०००, ०००, ०००, ०३०, ०६१, ०९१, १२२. ज्या परीक्षेत तीन-तीन शून्यं मिळवणारा पहिला येतो अशी ही एकच. तो तक्ता वाचताना ले-ऑफ कधी आला, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी कधी झाली, मुलगी कधी झाली, हे सगळं ओळीने डोळ्यांपुढे येतं. कारणाचा रकाना मात्र कुठे नाही. मध्येच एका चौकोनात नुसत्या तीन फुल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नव्हती. आपण चुकलो तर आकडा, बँक चुकली तर फुल्या.

ही माहिती कंपन्यांनी किमान सात वर्षं जपून ठेवायची, असं २००५च्या कायद्याखालचे नियम सांगतात. सासूबाईंना हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे साडेसातीच की.” मी म्हटलं, अर्धं वर्ष कमी आहे. त्या म्हणाल्या, “पण शनीला तेल तरी घालता येतं.” मेहुण्याने तेही घातलं. स्कोअर पाच गुणांनी वाढला. तेल घालण्याचं आणि वाढण्याचं वेळापत्रक जुळल्यामुळे त्या घरात आता रिझर्व्ह बँकेपेक्षा शनीला मान आहे.

तरीही एक कार्ड असावं असं त्याला वाटतच होतं. कशाला, तर हॉटेलचं बुकिंग, सेलमधली सूट आणि साडूकडे आहे म्हणून. यांतलं तिसरं कारण खरं. त्याने एका बँकेत अर्ज केला, तो नाकारला गेला. म्हणून दुसरीकडे केला, मग तिसरीकडे. इथे तो खोलात गेला. दर अर्जागणिक बँक रिपोर्ट मागवते, दर मागणीची नोंद होते, आणि नोंदी साठल्या की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असा अर्थ निघून आकडा आणखी घसरतो. न मिळाल्याचं दुःख वेगळं आणि मागितल्याचा दंड वेगळा. आपला आपण पाहिला तर मात्र काही होत नाही. म्हणून तो रोज सकाळी पाहतो, दात घासायच्या आधी.

अर्ज का नाकारला ते बँकेने लेखी कळवायचं असतं, नेमक्या कारणासह. त्याला लेखी कळवण्यात आलं: ‘बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार’. मुलीकडच्यांकडून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो, त्यातलाच हा प्रकार. खरं कारण दोन्हीकडच्यांना माहीत असतं आणि चहा झालेला असतो.

गंमत अशी की याच काळात मॉलमध्ये आणि पेट्रोलपंपावर टॅब घेऊन उभी असलेली पोरं त्याला दर रविवारी गाठायची. “सर, क्रेडिट कार्ड यूज करता का? लाईफटाईम फ्री आहे.” मी अशा वेळी फोन कानाला लावून वळसा घेतो. मेहुणा स्वतःहून जाऊन उभा राहायचा. पोरगा उत्साहाने पॅन नंबर टाकणार, स्क्रीनवर ते चक्र गरगर फिरणार, थांबणार, आणि पोरगा टॅब हळूच छातीशी धरून म्हणणार, “सर, सर्व्हर डाऊन आहे.” इतकं सभ्य खोटं मी बँकेच्या कुठल्या शाखेत ऐकलेलं नाही.

मग खांबावरचे लोक आले. आमच्या भागात विजेच्या खांबावर मूळव्याध, वशीकरण आणि घरबसल्या कमाई या तीन विषयांचा जुना कब्जा आहे. अलीकडे चौथा कागद लागलाय: ‘सिबिल खराब? क्लीन करून मिळेल.’ मेहुण्याने फोन लावला. पलीकडचा म्हणाला, “दादा, नऊशे करून देतो. दहा हजार.” मेहुण्याच्या अंगातली तुळशीबाग जागी झाली. “मला साडेसातशेच हवेत. तेवढ्याचे किती?” पलीकडे हिशेब झाला आणि आठ हजारांवर आलं. मी फोन हातातून घेतला म्हणून वाचला. खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला पैसे पडत नाहीत.

तशी एक खोटी नोंद त्याच्या रिपोर्टात होतीही. हप्त्यावर घेतलेल्या एका मोबाईलचं कर्ज फिटून, मोबाईल पाण्यात पडून, त्याची बॅटरी फुगूनही रिपोर्टात चालूच होतं. त्याने तक्रार नोंदवली. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम २०२४च्या एप्रिलपासून आहे. हे कळल्यावर मेहुण्याला नोंद दुरुस्त होण्यापेक्षा न होण्यात रस वाटू लागला. दिवसाला शंभर म्हणजे महिन्याला तीन हजार, घरबसल्या. खांबावरचा तिसरा कागद अखेर खरा ठरणार होता. दुर्दैवाने मुदतीच्या आतच दुरुस्ती झाली. एवढं तत्पर काम झालेलं पाहून इतका खट्टू झालेला ग्राहक त्या फायनान्स कंपनीनेही पाहिला नसेल.

हा आकडा आता बँकेत मावेनासा झालाय. सोयरिकीत शिरला ते सांगितलंच. बँकांच्या नोकरभरतीच्या जाहिरातींतही थकबाकीदाराने अर्ज करू नये असं असतं. म्हणजे कर्ज फेडायला नोकरी हवी आणि नोकरीला फेडलेलं कर्ज. पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून देवेंद्र फडणवीसांना राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना तंबी द्यावी लागली. पावसाने दगा दिला तर १२२च्या चौकोनात तो पाऊस कुठे लिहायचा, हा प्रश्न अजून कुणी सोडवलेला नाही.

आणि कर्ज बुडवणाऱ्यांचीच ही गत होते असं समजू नका. माझ्या वडिलांचा स्कोअर उणे एक आहे.

वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. सेंट्रल बँकेने १९८० साली सेंट्रल कार्ड काढलं तेव्हा ते तिशीत होते. म्हणजे संधी होती. पण ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी दुकानदाराने लावायची असते, त्यांनी ती स्वतःच्या मनात लावली होती. घर प्रॉव्हिडंट फंडातून, स्कूटर नंबर लावून रोखीने, फ्रीज दिवाळीच्या पैशांतून. आयुष्यात कुणाचा छदाम ठेवला नाही. परवा नातवाने सांगितलं की क्रेडिट कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये दोन रुपयांत पोटभर जेवता येतं, म्हणून सत्त्याहत्तराव्या वर्षी ते कार्ड मागायला गेले. उणे एक म्हणजे काय, तर इतिहासच नाही. “इतिहास नाही कसा?” म्हणत ते दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीतून १९७१पासूनची पासबुकं घेऊन गेले. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “आजोबा, यात सगळे तुमचेच पैसे आहेत. दुसऱ्याचे कुठे आहेत?”

पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, हे अर्थ मंत्रालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत स्पष्ट केलं. वडिलांनी ते कात्रण कापून ठेवलंय. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ घर, गाडी, मुलाचं शिक्षण आणि मालदीव अशा चार कर्जांत गळ्यापर्यंत बुडालेले आहेत. त्यांचा स्कोअर सातशे नव्वद. जिन्यात भेटले की वडील त्यांना मान देतात, पण कारण समजून घेत नाहीत.

मेहुण्याला वाट सापडली ती एका बँकेतल्या मुलीमुळे. तिने त्याचा आकडा पाहिला, चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही आणि म्हणाली, “सर, आमच्याकडे तुमच्यासाठी एक प्रॉडक्ट आहे.” प्रॉडक्ट असं: तुम्ही बँकेत मुदत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर बोजा चढवणार आणि ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत खर्चाची मर्यादा असलेलं कार्ड तुम्हाला देणार. स्कोअर, पगाराची स्लिप, काही लागत नाही. तुम्ही बुडवलंत तर बँक ठेव मोडून घेणार आणि वर तुमची नोंदही खराब करणार. या सगळ्यात बँकेचा काय धोका, हे मी बराच वेळ शोधत होतो. कार्डाचं प्लास्टिक, एवढाच सापडला.

ठेवीचे वीस हजार सासूबाईंनी दिले, भिशीतले. त्यांच्या भिशीत बारा बायका आहेत, कागद नाही, सही नाही, आणि इतक्या वर्षांत एकीचाही हप्ता चुकलेला नाही. एकीच्या घरी सुतक होतं तर तिने हप्ता शेजारणीच्या हाती पाठवला. या नोंदी कुठल्याही चौकोनात नाहीत. भिशीच्या जोरावर कर्ज मिळतं तर आमच्या सासूबाईंनी पुणे मेट्रोचा एखादा टप्पा काढला असता.

तर ठेव वीस हजारांची, कार्ड अठरा हजारांचं. मी बसून हिशेब केला. ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला मिळणार तेराशे रुपये. कार्डाचे अठरा हजार थकले तर महिन्याचं व्याज सहाशे तीस, त्यावर अठरा टक्के जीएसटी. दोन महिन्यांत वर्षाचं व्याज गिळून वर ढेकर. आपलेच पैसे साडेसहाने द्यायचे आणि बेचाळीसने आणायचे, हा व्यवहार मेहुण्याला मी तीनदा समजावून सांगितला. तो म्हणाला, “दाजी, पैशाचं सोडा. कार्डावर नाव बघा कसं उमटलंय.”

नाव छान उमटलं होतं. पण खरी मजा पुढे आहे. जाणकार सांगतात की मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या वर वापर गेला की आकड्याला ते मानवत नाही. अठरा हजारांचे तीस टक्के पाच हजार चारशे. त्या घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा झालेला संवाद मी ऐकलाय.

“नवीन घेऊ या की. कार्ड आहे ना?”

“आहे, पण वापरायचं नाही.”

“मग घेतलं कशाला?”

“वापरतोय हे दिसायला हवं.”

तेव्हा तो दूध आणि पेट्रोल कार्डावर घेतो, बिल निघण्याआधीच निम्मे पैसे भरतो, बिल निघालं की उरलेले भरतो आणि भरल्याचा स्क्रीनशॉट मला पाठवतो. पूर्वी बँका ही माहिती महिन्याने कळवत. २०२५च्या जानेवारीपासून पंधरवड्याने कळवणं आलं. एकादशीही पंधरवड्यालाच येते, त्यामुळे त्याच्या घरात दोन्ही एकदमच पाळतात. त्या दिवशी तो साबुदाणासुद्धा रोखीने आणतो.

आकडा चढला, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. रोज बघून फार हळू वाढतो असं वाटायचं, पण सहाशे झाला, साडेसहाशे झाला, आणि सहाशे नव्वदवर आला तेव्हा जून उजाडला. मुलीच्या शाळेची फी आली. त्याच्या बायकोने सरळ सांगितलं, ठेव मोडा. दोघं बँकेत गेले, सोबत मी.

ती मुलगी म्हणाली, ठेव मोडायची तर आधी कार्ड बंद करावं लागेल. कार्ड बंद करायचं तर आता कुठे सुरू झालेला चांगला इतिहास तिथेच थांबेल. मेहुण्याचा चेहरा पडला. ठेव कार्डाला तारण होती, कार्ड स्कोअरला तारण होतं, आणि स्कोअर कशाला तारण आहे हे मी विचारणार होतो, एवढ्यात मुलीने त्याच्या बायकोच्या हाताकडे पाहिलं.

“मॅडम, गोल्ड लोन करा ना. वेळेवर फेडलंत की सरांचा क्रेडिट मिक्सपण सुधारेल.”

“ठेव आईंच्या पैशाची, बांगड्या माझ्या,” ती म्हणाली, “आणि सुधारणार यांचं?”

“तसं नाही मॅडम, तुमच्या नावावर करू या की. पॅन कार्ड आहे ना?”

पॅन कार्ड होतं. मुलीने नंबर टाकला, चक्र फिरलं, थांबलं. तिने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

“मॅडम, तुमचा मायनस वन येतोय. गोल्ड लोनला त्याने काही अडत नाही. पण पुढेमागे तुम्हाला कार्ड वगैरे हवं असेल, तर आमच्याकडे तुमच्यासाठी एक प्रॉडक्ट आहे.”